प्रश्नाची जागा : गट-संदेश-व्यवस्था आणि विद्यापीठीय अध्यापन

व्याख्यान संपल्यावर दोन-तीन विद्यार्थी अध्यापकाच्या टेबलाभोवती थांबतात आणि वर्गात न विचारलेली शंका तेथे विचारतात, हा सर्वच विद्यापीठांतील परिचित अनुभव होय. शंका पुष्कळदा मार्मिक असते व उत्तरही सविस्तर मिळते. परंतु ते तेवढ्या दोघातिघांपुरतेच राहते. असा प्रश्न निघाला होता, हेही इतरांना कळत नाही. अलीकडे अभ्यासक्रमांत रूढ होत असलेल्या गट-संदेश-व्यवस्थांचा विचार या टेबलापासूनच सुरू करणे उचित ठरेल.

‘स्लॅक’ ही व्यवस्था २०१४ साली सर्वांसाठी खुली झाली. एक संगणकीय खेळ निर्माण करणाऱ्या मंडळींनी स्वतःच्या कामासाठी तयार केलेले साधन, हे तिचे मूळ. ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ २०१७ मध्ये आली. या दोन्हींची रचना मुख्यतः कार्यालयांसाठी झाली असली, तरी त्यांमागील कल्पना विद्यापीठांतच वाढली आहे. इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ या संगणकीय अध्यापनयंत्रणेवर १९७३ मध्येच परस्परसंभाषणाची आणि विषयवार टिपणांची सोय झाली होती. पुढे १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘इंटरनेट रिले चॅट’ निर्माण केले. संभाषणाची विषयवार ‘चॅनेल’मध्ये विभागणी करण्याची त्यातील पद्धतीच आजच्या व्यवस्थांनी उचलली आहे.

अशा व्यवस्थेत एका अभ्यासक्रमासाठी एक स्वतंत्र क्षेत्र असते. त्यात सूचना, व्याख्याने, स्वाध्याय इत्यादींसाठी निरनिराळी चॅनेल असतात आणि प्रत्येक संदेशाखाली त्याच्या उत्तरांची स्वतंत्र मालिका, म्हणजे ‘थ्रेड’, सुरू करता येते. या मालिकेचे महत्त्व भाषावैज्ञानिक आहे. सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ मध्ये संभाषणातील पाळीची जी मीमांसा केली, तीवरून प्रश्न आणि उत्तर यांचे सान्निध्य संभाषणाला किती आवश्यक आहे, हे स्पष्ट झाले. संगणकीय संभाषणात हे सान्निध्य वारंवार तुटते, याकडे सूझन हेरिंग यांनी १९९९ मध्ये लक्ष वेधले. भ्रमणध्वनीवरील गटात एकाचा प्रश्न, दुसऱ्याची शुभेच्छा आणि तिसऱ्याच प्रश्नाचे उत्तर एकाखाली एक येतात, तेव्हा याचाच प्रत्यय येतो. थ्रेडमुळे तुटलेले सान्निध्य पुन्हा जुळते.

उदाहरणार्थ, ‘विश्व’ या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप ‘जग’ यांतील ‘ज’ एकच स्वनिम मानावा की दोन, अशी शंका एका विद्यार्थ्याने चॅनेलवर मांडली अशी कल्पना करावी. दुसरा तिच्याखाली आणखी शब्द देईल. तिसरा आपल्या बोलीतील वेगळा उच्चार नोंदवील. अध्यापकाचे विवेचन त्यानंतर येईल. परीक्षेच्या आधी तोच प्रश्न पडलेल्या चौथ्या विद्यार्थ्याला ही सर्व चर्चा एकत्र सापडेल. हीच शंका खाजगी संदेशाने विचारली असती, तर ती टेबलापाशीच संपली असती.

तथापि विद्यार्थ्यांचा कल खाजगी संदेशाकडेच असतो, आणि तो अकारण नाही. ‘सर, एक विचारायचं होतं’ असे म्हणताना मराठी विद्यार्थी वर्तमानातील शंकेला भूतकाळाचे रूप देऊन संकोच सौम्य करतो. लेखनात स्वर व मुद्रा यांचा आधार सुटतो. शिवाय लिहिलेले सर्वांसमोर टिकून राहते. आपली भाषा प्रमाण आहे की नाही, या धास्तीने कित्येक प्रश्न लिहिलेच जात नाहीत. यासाठी पहिल्याच आठवड्यात काही संकेत ठरवावे लागतात. विषयासंबंधीची शंका खाजगी आली, तर विद्यार्थ्याच्या संमतीने, नाव न देता, ती चॅनेलवर मांडावी. बोलीतील लेखनाला तेथे मुभा असावी. अध्यापकाने लगेच उत्तर देण्याची घाई करू नये, म्हणजे सहाध्यायांना बोलण्यास अवकाश राहतो. उत्तराची वेळही ठरलेली असावी. अन्यथा अध्यापकाची रात्र आणि विद्यार्थ्याची सुटी दोन्ही या व्यवस्थेच्या स्वाधीन होतात. गुण, आजारपण किंवा घरची अडचण यांविषयीचे बोलणे मात्र खाजगीच राहिले पाहिजे.

आणखी एका मर्यादेकडे विभागांनी लक्ष द्यावयास हवे. ‘स्लॅक’च्या विनामूल्य योजनेत २०२२ पासून शेवटच्या ९० दिवसांचेच संदेश दिसतात, आणि २०२४ पासून एक वर्षाहून जुने संदेश काढून टाकले जाऊ लागले. सहामाही सत्राच्या प्रारंभी झालेली चर्चा सत्र संपण्यापूर्वीच दृष्टीआड होते, असा याचा अर्थ. ‘झुलिप’सारखी मुक्तस्रोत व्यवस्था विद्यापीठाच्या स्वतःच्या संगणकावर ठेवता येते; परंतु तिची देखभाल करणारा माणूस लागतो. ते शक्य नसेल तेथे दर महिन्याला एका विद्यार्थ्याने महत्त्वाच्या प्रश्नोत्तरांचे संक्षिप्त टिपण करून ते विभागाच्या संग्रहात ठेवावे. पुढील वर्षीच्या वर्गाला व्याख्यानांच्या टिपणांबरोबर आधीच्या वर्गाच्या शंकाही मिळाल्या, तर अध्यापनाचा आरंभ थोडा पुढून करता येईल.