दुसऱ्या बाळाची चाहूल लागण्याआधी

अमेरिकी अभिनेत्री ब्रुक शील्ड्स २००३मध्ये आई झाली आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्यात बुडाली. त्यावर तिने पुस्तक लिहिलं. २००६मध्ये तिला दुसरी मुलगी झाली.

हे नैराश्य एकदा येऊन गेलं, की पुढच्या बाळंतपणात पुन्हा येण्याचा धोका वाढतो. म्हणून दिवस राहण्याआधीच मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधं आहेत.

खरी तयारी मात्र घरात व्हायला हवी. पहिल्या बाळंतपणाला माहेर असतं; दुसऱ्याला अनेकजणी सासरीच राहतात आणि थोरलं पायात घुटमळत असतं. रात्री बाळ रडलं तर कोण उठणार, थोरल्याला बालवाडीत कोण सोडणार, हे सातव्या महिन्यातच नावानिशी ठरवावं.

गोव्यातल्या, २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य आढळलं. नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. ‘आता मुलगाच हवा’ हे वाक्य अशा घरात कुणी तोंडातूनही काढू नये!

जीव नकोसा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो.