जुन्या बॅटरीला नवा उजेड



शेतीची वीज रात्री आली की दारं धरायला कुणाला तरी अंधारात जावंच लागतं. मण्यार, घोणस रात्रीच जास्त फिरतात. हातातली बॅटरी मिणमिणती असेल, तर बांधावर पाय कशावर पडतोय ते कळत नाही. म्हणून आज बोलूया, घरात पडून असलेल्या तीन सेलच्या जुन्या बॅटरीत एलईडी कसा बसवायचा.

जुन्या बल्बात तार तापते तेव्हा उजेड पडतो, त्यामुळे सेलची बहुतेक शक्ती उष्णतेतच जाते. एलईडी तेवढ्याच शक्तीत कितीतरी जास्त उजेड देतो. पण त्यासाठी तीन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली गोष्ट करंट. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ ते ३.३ व्होल्ट लागतात आणि तीन सेलचे होतात साडेचार. थेट जोडला तर करंट बेसुमार वाढतो, एलईडी तापतो, तापला की आणखी करंट ओढतो आणि जळतो. पाटाचं दार आपण बेतानं उघडतो, तसं करंटचं दार म्हणजे ड्रायव्हर. १ वॉटच्या एलईडीला ३५० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर घ्या. तो नसेल तर ३.९ ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर चालतो. मात्र सेल उतरतील तसा उजेडही उतरतो. जोडताना अधिक-उणे नीट बघा. उलटा जोडला तर एलईडी पेटत नाही.

दुसरी गोष्ट उष्णता. एलईडी अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेलाच घ्या. ती चकती बॅटरीच्या धातूच्या भागाला किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या जाड तुकड्याला घट्ट टेकली पाहिजे. मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावा. प्लॅस्टिकच्या बॅटरीत १ वॉटच्या पुढे जाऊ नका.

तिसरी गोष्ट रिफ्लेक्टर, म्हणजे चकचकीत वाटी. बल्बचा उजेड चहूकडे जातो, एलईडीचा फक्त पुढे. म्हणून एलईडी वाटीत थोडा मागे-पुढे करून भिंतीवर उजेड पाहा. मधला ठिपका सर्वांत लख्ख दिसेल, तिथेच पक्का करा. खोल, गुळगुळीत वाटी उजेड लांब फेकते. खडबडीत वाटी तो जवळ सारखा पसरते. पायवाटेसाठी खडबडीत बरी. वाटी धातूची असेल तर डाग दिलेल्या जागांना ती टेकू देऊ नका, शॉर्ट होईल. मध्ये प्लॅस्टिकची चकती घाला.

जास्त वॉटचा मोह मात्र नको. दुप्पट लांब दिसायला चौपट उजेड लागतो आणि सेल लवकर संपतात. मध्यरात्री शेतात बॅटरी विझली, तर तो झगमगाट काय कामाचा?

आता धोक्याचं. चार्जिंगची बॅटरी प्लगला लावलेली असताना कधीही उघडू नका. स्वस्त बॅटऱ्यांत घरातली वीज आतल्या तारांपर्यंत थेट आलेली असते. लिथियमचा सेल साध्या सेलच्या जागी घालू नका, त्याला डाग देऊ नका, फुगलेला वापरू नका. पेटत्या एलईडीत थेट पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका.

गटात ज्या बहिणीला डाग द्यायला येतं, तिच्याकडून पहिली बॅटरी सगळ्यांनी मिळून करून घ्या. अर्धा तास पेटती ठेवा. हाताला चटका बसला नाही, तर ती शेतात न्यायला हरकत नाही. आणि बॅटरी कितीही चांगली असली, तरी पायात बूट आणि हातात काठी हवीच.