पलीकडच्या टोकाचा पत्ता

तलासरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवरून भरू लागते, तेव्हा तो स्वीकारणाऱ्या दूरस्थ सर्व्हरला, आपल्याशी बोलणारा कोठून बोलत आहे, हे जाणण्याची गरज पडते. या संभाषणाच्या प्रत्येक टोकास सॉकेट म्हणतात. १९८३ साली बर्कली येथील विद्यापीठाने प्रसृत केलेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीतून ही रचना रूढ झाली. जोडणी स्वीकारणारी ‘ॲक्सेप्ट’ ही आज्ञा पलीकडचा आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक त्याच क्षणी हाती देते. पुढे केव्हाही तो ‘गेटपीअरनेम’ने विचारता येतो, परंतु तोवर जोडणी तुटली असेल तर उत्तराऐवजी त्रुटी पदरी पडण्याचा संभव असल्यामुळे, पत्त्याची नोंद जोडणी होताच करावी हे उत्तम.

मात्र हा पत्ता त्या मुलीच्या मोबाइलचा असेलच असे नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच असल्याने, मोबाइल कंपन्या ग्राहकांना अंतर्गत पत्ते देतात (२०१२ साली त्यांसाठी सुमारे ४२ लाख पत्त्यांचा स्वतंत्र गट राखून ठेवण्यात आला) आणि आपल्या वेशीवर असंख्य ग्राहकांची वाहतूक एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर सोडतात. ती वेस मुंबईत असेल तर डहाणूचा चिकू बागायतदार आणि तलासरीची विद्यार्थिनी, दोघेही सर्व्हरच्या दफ्तरी मुंबईचे रहिवासी ठरू शकतात. त्यांना वेगळे ओळखविणारा असतो तो केवळ पोर्ट क्रमांक. एका इसमाने चुकीचा पासवर्ड वारंवार दिला म्हणून तो पत्ताच बंद करणे, हा मोबाइलखेरीज दुसरा मार्ग नसलेल्या निरपराध अर्जदारांवर उघड अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व्हरच्या पुढे मध्यस्थ प्रॉक्सी उभी असेल, तर सॉकेट त्या मध्यस्थाचाच पत्ता सांगतो. मूळ पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या शीर्षओळीत येतो खरा, पण ती ओळ कोणासही लिहिता येत असल्यामुळे, आपल्याच प्रॉक्सीने भरलेला भाग तेवढा ग्राह्य धरावा.

१२८ बिटांच्या नव्या आयपीव्ही६ पत्त्यांमुळे पत्त्यांची टंचाई ओसरत आहे; तोवर मात्र ग्राहक ओळखण्यासाठी नोंदींवरच भिस्त आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणे बंधनकारक आहे. त्या नोंदीत पत्त्याशेजारी पोर्ट आणि नेमका क्षण लिहिलेला असेल, तरच मोबाइल कंपनीच्या दफ्तराशी ताडून मूळ ग्राहकापर्यंत पोहोचता येते.