भुसकटातला खुराक : धिंगरीच्या सात चटपटीत गोष्टी

सोयाबीनची रास झाली की अहमदपूर परिसरात शेताच्या कडेला भुसकटाचे ढीग लागतात. याच भुसकटावर प्रथिनांनी भरलेली धिंगरी अळंबी पिकते. तिचे गुण एकदा वाचाच!

१. भाजी, पण वनस्पती नाही
अळंबी ही बुरशी. तिच्यात हरितद्रव्य नसतं. भुसकटातले चिवट तंतू पचवून ती वाढते. तिचा ऊर्जेचा साठाही वनस्पतींसारखा स्टार्चचा नसतो, तर आपल्या यकृतासारखा ग्लायकोजेनचा असतो.

२. ओली हलकी, वाळली की दमदार
100 ग्रॅम ताज्या धिंगरीत सुमारे 90 ग्रॅम पाणी, जेमतेम 33 कॅलरी आणि 3.3 ग्रॅम प्रथिनं. वाळवली की प्रथिनांचं प्रमाण साधारण तूरडाळीच्या बरोबरीला जातं.

३. उन्हातलं जीवनसत्त्व
अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलवर ऊन पडलं की त्याचं ‘ड’ जीवनसत्त्व बनतं. शिजवण्याआधी चिरलेले तुकडे दुपारच्या उन्हात तासभर पसरून ठेवा. आपल्या मराठवाड्यात उन्हाला काय तोटा!

४. मीठ कमी, चव जास्त
तिच्यात सोडियम अगदी थोडं. पोटॅशियम मात्र 100 ग्रॅममागे सुमारे 400 मिलिग्रॅम. अंगच्या ग्लुटामेटमुळे रस्सा खमंग लागतो, मीठ कमी टाकलं तरी चालतं. काळं तिखट घालून केलेला धिंगरीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, फक्कड बेत!

५. खेकड्याशी नातं
अळंबीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचातलंच. म्हणून कच्ची खाऊ नका. नीट शिजवली की पचायला सोपी जाते. तिच्यात बीटा-ग्लुकान हा उपयुक्त तंतू असतो, कोलेस्टेरॉल नसतं. पण ती अन्न आहे, औषध नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.

६. खोलीतलं शेत
भुसकट रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यात निर्जंतुक करायचं, निथळून बियाण्याचे थर देत प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचं. दोन-तीन आठवड्यांत पांढरी बुरशी पिशवीभर पसरते आणि पुढच्या काही दिवसांत पहिली तोडणी येते. लागतं काय? सावली, ओलावा आणि स्वच्छता. उरलेल्या भुसकटाचं खत होतं.

७. रानातली छत्री नकोच
पावसाळ्यात उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्या ओळखीशिवाय तोंडात घालू नका. काही जातींचं विष शिजवूनही जात नाही, आणि चांदीचं नाणं किंवा लसूण टाकून ते ओळखता येत नाही. युरिक ॲसिडचा त्रास असेल, तर लागवडीची अळंबीही डॉक्टरांना विचारूनच खा.

यंदा रास झाली की भुसकट पेटवू नका. खात्रीचं बियाणं आणा, दोन-चार पिशव्या भरा आणि घरच्यांच्या ताटात आठवड्यातून एकदा तरी धिंगरी वाढा.