अर्ज लिहून देणारा माणूस

महाडहून रायगडाकडे निघालेली एसटी नातेखिंड सोडते आणि थोड्याच वेळात लाडवली लागतं. गडाच्या ओढीने निघालेले प्रवासी तिथे उतरत नाहीत. पुढे कोंझर, मग पाचाड, आणि शेवटी गडाच्या अगदी पायाशी हिरकणीवाडी. १९९६ पासून रोपवे इथूनच वर जातो. रांगेत उभ्या असलेल्या माणसांना हिरकणी ठाऊक असते. तान्ह्या बाळासाठी काळोखात कडा उतरलेली गवळण कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. लाडवलीचं नाव घेतलं तर मात्र बहुतेकांना काही आठवत नाही. या लेखातली गोष्ट त्या वाटेवरच्या गावातून सुरू होते.

१९०३ साली लाडवलीत रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म झाला. पुढे ते कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेले. मुलगा महार कुटुंबातला, हुशार. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला दार बंद केलं. अकरा-बारा वर्षांच्या त्या पोराने मग तक्रारीचं पत्र लिहिलं. पत्राचा परिणाम झाला आणि प्रवेश मिळाला, पण बसायला जागा मिळाली ती वर्गाच्या बाहेर. नीट लिहिलेला एक कागद बंद दार किलकिलं करू शकतो आणि तरीही आपल्याला उंबऱ्याबाहेरच ठेवू शकतो, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी कळल्या असणार. पुढच्या आयुष्यात त्याने कागद सोडला नाही आणि कागदावर थांबलाही नाही.

कामगार संघटना, गावाचा सहभाग, मतदार जागृती हे आज तीन वेगळे विषय मानले जातात. त्यांची शिबिरंही वेगळी भरतात. महाड-पोलादपूरच्या मातीत मात्र ते एकाच दाव्याला बांधलेले होते, आणि त्यांची सुरुवात सभेने झाली नाही. दुसऱ्याचा कागद वाचून देण्यातून, त्याचा अर्ज लिहून देण्यातून ती झाली.

तेव्हाचा महाडचा बाजार डोळ्यांसमोर आणा. डोंगरातल्या वाड्यांतून पहाटे निघालेल्या बाया-बापड्या लाकडाच्या मोळ्या आणि गवताचे भारे डोक्यावर घेऊन बाजारात येत. माल विकला जाई, पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला घोटभर पाणी मिळायची सोय नव्हती. मोरे यांनी एका ओळखीच्या माणसाला पुढे करून तिथे चहाचं दुकान काढायला लावलं. पाण्याची सोय झाली, टेकायला जागा झाली, आणि मोरे तिथे बसून लोकांचे अर्ज आणि पत्रं लिहून देऊ लागले. कुणाचं जमिनीचं भांडण, कुणाची सरकारदरबारची तक्रार, कुणाचं मुंबईहून आलेलं पत्र. संघटना बांधणाऱ्याला आधी काय हवं असतं? कोणत्या गावात कोण आहे, कुणावर कसली वेळ आली आहे, कोण बोलायला धजतो याची यादी. ती त्या दुकानात आपोआप तयार होत गेली.

माणसं जोडायला जमीनही तयार होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झाल्यावर लिहू-बोलू लागले होते, आणि १८९५ साली ते महाड तालुका लोकल बोर्डावर सदस्य म्हणून नेमले गेले. अस्पृश्य मानलेला माणूस बोर्डाच्या बैठकीत शेजारी बसणार म्हणून तेव्हा मोठा गहजब झाला. पेन्शनीत निघालेले असे शिकलेसवरलेले सैनिक या भागात गावोगाव होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावर कुणी गेलं नाही. हक्क मिळाल्याचा कागद आणि हक्क बजावायला निघालेली पावलं यांच्यातलं हे अंतर या साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे. मतदार यादीत नाव असणं आणि मत देऊन येणं यांतलंही अंतर हेच.

ते अंतर तुटलं मार्च १९२७ मध्ये. १९ आणि २० तारखेला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि जुळवाजुळवीत मोरे, टिपणीस आणि अनंतराव चित्रे होते. महिनोन् महिने वाड्या-वस्त्यांवर पायी फिरून निरोप दिलेले होते, म्हणून हजारो माणसं आली. परिषदेपुरतं पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. पाण्याच्या हक्कासाठी जमलेल्या माणसांना पाणी विकत मिळावं, आणि तेही ४० रुपयांना! दुसऱ्या दिवशी आभार मानायला उभ्या राहिलेल्या चित्र्यांनी तळ्यावर जाण्याची गोष्ट काढली, आणि मंडपातली माणसं रांगेने तळ्याकडे चालू लागली. पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. आधीच्या तीन वर्षांची पायपीट तिथे सहसा सापडत नाही.

आता मुंबई. महाड-पोलादपूरच्या घरांचा एक पाय नेहमी मुंबईत राहिला आहे. गिरणीतली नोकरी गावच्या ओळखीने लागे. परळ-लालबागच्या चाळीत गावाची म्हणून एक खोली असे, आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसं एकाच पंचक्रोशीतली असत. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. त्यात दीड लाखाच्या आसपास कामगार होते आणि त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पगार नसताना एवढी माणसं सहा महिने तगली कशी? युनियनचा फंड होता, वाण्याची उधारी होती, पण मोठा आधार होता गावाचा. संप लांबला की माणसं गावी जात. कुणाच्या कणगीत भात, कुणाच्या परसात भाजी, आणि पावसाळा तोंडावर असला तर लावणीला हातही हवेच असत. ज्या संपाला गावाने पोसलं त्यात गावही सामील होतंच, तसं ते कुठे नोंदलं गेलं नसलं तरी.

ही एकजूट अखंड नव्हती, हेही सांगायलाच हवं. गिरणीत सांचेखात्याला पगार जास्त. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तो विटाळतो या सबबीवर अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. लाल बावटा खांद्यावर घेणारे कामगारही याला आडवे येत नव्हते. बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि त्याचं उत्तर मागितलं. १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेलेल्या मोरे यांना ही जखम दोन्ही बाजूंनी ठाऊक होती. जात आणि मजुरी या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी हात घालणारे जे थोडे कार्यकर्ते महाराष्ट्रात झाले, त्यांत मी त्यांना फार वरचं स्थान देतो.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९३७ च्या निवडणुकीत त्याचे १७ पैकी बहुतेक उमेदवार निवडून आले. कुलाब्यातून टिपणीस आणि रत्नागिरीतून चित्रे विधिमंडळात गेले. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं; मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या चाळणीतून थोडेच मतदार उरत. ज्याला मत नाही अशा कुळानेही मत असलेल्या शेजाऱ्याला गळ घालायची, असा तो प्रचार. पण निवडून गेलेल्यांनी काय केलं हे पाहा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला मालक. पिकातला मोठा वाटा त्याचा, वर वेठबिगार. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातली कुळं हजारोंनी मुंबईत उतरली आणि विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाच्या हक्काला कात्री लावणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला. जानेवारीत शेतकऱ्याचा मोर्चा आणि नोव्हेंबरात गिरणीचा संप. आमच्याकडच्या कितीतरी घरांत एक भाऊ कूळ होता आणि दुसरा गिरणीत बदली कामगार, त्यामुळे या दोन लढाया एकाच चुलीवर शिजत होत्या. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यान्वये, पहिल्या विधेयकानंतर बारा वर्षांनी.

गिरण्या गेल्या. महाडला बिरवाडीच्या बाजूला एमआयडीसी आली आणि रासायनिक कारखाने आले. आसपासच्या गावांतली पोरं तिथे लागली, त्यांत ठेकेदाराकडची बरीच. कायद्याने सात कामगार एकत्र आले तर संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी तेवढे सभासद मात्र लागतात. कागदावर सोपं आहे. पण ठेकेदार वर्षा-दोन वर्षांत बदलतो आणि दरवेळी माणूस नव्याने लागल्यासारखा दाखवला जातो. अशा कामगाराला पहिली मदत लागते ती भाषणाची नव्हे. मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून कोणत्या महिन्याचे पैसे भरलेच नाहीत ते दाखवणं, हजेरीचा फोटो जपून ठेवायला सांगणं, पगाराची चिठ्ठी ओळीने वाचून देणं. चहाच्या टपरीवर हे करणारा माणूस मोऱ्यांच्याच बाकड्यावर बसलेला असतो.

संघटनेचा राजकारणाशी संबंध असावा का, हा प्रश्न नेहमी येतो. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने त्याचं फार शहाणपणाचं उत्तर दिलं होतं: राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवा, त्यात वर्गणी ज्याची त्याच्या खुशीने, आणि न देणाऱ्याचे संघटनेतले हक्क कमी करायचे नाहीत. मतदार नोंदणीच्या कामाला तर एवढीही आडकाठी नाही. नाव नोंदवून देताना कुणाला मत देणार हे विचारायचंच नसतं.

आणि या भागात नोंदणीचा प्रश्न फार नाजूक आहे. शिमग्याला आणि गणपतीला भरून वाहणारी वाडी एरवी म्हाताऱ्यांवर आणि बायकांवर चालते. निवडणूक आली की चाकरमान्यांसाठी गाड्या सुटतात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकतं, आणि ते जिथे तो सर्वसाधारणपणे राहतो तिथे. गावात घर आहे एवढ्यावर कुणी रहिवासी ठरत नाही, असं कलम २० स्पष्ट सांगतं. तेच कलम असंही सांगतं की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस गावचा राहत नाही असं समजू नये. आठ महिने भिवंडीच्या गोदामात आणि चार महिने शेतात असलेला पोलादपूरचा माणूस यांतला कोणता? हे दिल्लीत बसून ठरत नाही. त्याला ओळखणाऱ्या माणसालाच ठरवता येतं.

लग्न होऊन आलेल्या मुलीचं पाहा. तिचं नाव माहेरच्या यादीत, माहेरच्या आडनावाने. ते सासरी आणायला २०२२ पासून फॉर्म ८ भरावा लागतो. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी. चुकीचा फॉर्म भरला की नाव दोन ठिकाणी होतं किंवा एकाही ठिकाणी राहत नाही. सासरी रुळायच्या धांदलीत हा कागद कुणाच्या लक्षात राहतो? मग मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन, यादीत नाव नाही म्हणून ती गुमान परत येते.

मतदार यादीचं हे काम दारोदार जाऊन करते ती बूथ पातळीवरची अधिकारी, आणि कितीतरी ठिकाणी ती असते अंगणवाडी सेविका. गरोदर बाई कोणत्या घरात, लसीचं बाळ कुठलं, कोणती सून नवी, कोण वारलं हे तिच्या वहीत आधीच असतं. लोकशाहीची यादी नीट ठेवणाऱ्या या बाईला सरकार कर्मचारी मानत नाही. तिला मिळतं ते मानधन. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. पगारवाढीसाठी, पेन्शनसाठी आणि तो हक्क पदरात पडावा म्हणून ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि दीड महिन्याहून जास्त काळ मागे हटल्या नाहीत. युनियन, गाव आणि मतदार यादी हे तिन्ही आज एकाच बाईच्या खांद्यावरच्या पिशवीत आहेत, आणि त्या पिशवीचं ओझं आपण मोजत नाही याचा मला मनापासून राग येतो.

एक दार मात्र वाडीतल्या कुणालाही उघडं आहे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे पहिल्या सभेला आपण घरी बसलो तर दुसऱ्या सभेला पाच-सात जणांच्या सहीने सगळ्या गावाचं ठरतं. हिरकणीवाडीसारख्या वस्तीत पर्यटकांच्या गाड्या कुठे लागाव्यात, ताक-सरबत आणि काकडी विकणाऱ्या बायकांनी कुठे बसावं, हे प्रश्न त्याच सभेतले. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा शहरांपुरता आहे. गडाखालच्या ताकवालीला तो लागू नाही. तिच्या हातात आहे ती ग्रामसभा.

१ मे रोजी, कामगार दिनी आणि महाराष्ट्र दिनीही, ग्रामसभा भरवायचा रिवाज आहे. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात आणि गडावर गर्दी असते. सभेची नोटीस आधी काही दिवस लागते. त्या दिवसांत कुणीतरी घरोघर जाऊन ती वाचून दाखवावी लागते, आणि ज्या ताकवालीला जागेचा विषय काढायचा आहे तिचा अर्ज सभेआधी लिहून द्यावा लागतो. एका पानाचा. खाली तिची सही, आणि सहीसमोर तिचं स्वतःचं पूर्ण नाव.