शब्दांच्या आधी बोट पाहा

दोन वर्षांचे मूल अजून बोलत नाही म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते, 'मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता.' अनेकदा ते खरेही ठरते. उशिरा बोलणारी सगळी मुले स्वमग्न नसतात. पण या धीर देण्याघेण्यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि ज्याकडे पाहायला हवे होते, त्याकडे कोणी पाहिलेलेच नसते.

पाहायला हवे ते बोटाकडे. वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवू लागते. ते कधी बिस्किटांच्या डब्याकडे असते, म्हणजे 'मला दे'. कधी कावळ्याकडे, चांदोबाकडे, रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे. या दुसऱ्या बोटात मागणे काहीच नसते. 'मी पाहिले, तूही पाहा' एवढेच असते. बोट दाखवून मूल लगेच आईच्या चेहऱ्याकडे वळते, तिने पाहिले ना, याची खात्री करून घेते. संवाद इथे सुरू होतो. दीड वर्षाचे होऊनही मूल असे काही दाखवत नसेल, हवी ती वस्तू काढून घेण्यासाठी मोठ्यांचा हात नुसता ओढून तिथे नेत असेल, तर ती गोष्ट गंभीरपणे घ्यावी. मग ते एबीसीडी किंवा टीव्हीवरच्या जाहिराती घडाघडा म्हणत असले तरीही. शब्द म्हणता येणे वेगळे आणि ते दुसऱ्याशी बोलण्यासाठी वापरणे वेगळे.

नावाने हाक मारली तर न वळणे, टाटा न करणे, नजरेला नजर न देणे, गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच फिरवत बसणे, हात फडफडवणे, कुकरच्या शिटीने कासावीस होणे, रोजचा रस्ता बदलला की आकांत करणे, अशा इतर खुणाही दिसतात. यातली एखादी खूण कोणत्याही मुलात सापडेल. एका खुणेवरून निदान होत नाही. मुलींमध्ये त्या कमी ठळक असू शकतात, म्हणून 'लाजरी आहे' म्हणून सोडून दिले जाते. मात्र येत असलेले शब्द किंवा हावभाव नाहीसे झाले, तर एक दिवसही थांबू नये.

पहिली तपासणी कानांची. 'जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येते' हा घरगुती तर्क पुरेसा नाही.

लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अशा 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. तो समज खोटा ठरला. लसीमुळे स्वमग्नता येते असे सुचवणारा 1998 चा लेखही 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला. जनुकांचा वाटा मोठा असतो, एवढे आता स्पष्ट आहे. तरीही आपल्याकडे सूनबाईच्या नोकरीकडे बोट दाखवणारे नातेवाईक भेटतातच! मोबाइलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. पण मुलाशी समोरासमोर खेळण्याचा वेळ तो खातो, म्हणून तो दूर ठेवलेला बरा.

सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' ही वीस प्रश्नांची चाचणी आहे. पालकांनी 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर द्यायचे असते. ती निदान करत नाही, पुढच्या तपासणीची गरज आहे का ते सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तिथली सेवा मोफत असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्रही मिळू शकते. निदानावर शिक्का बसेपर्यंत स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी लांबवण्याचे कारण नाही. स्वमग्नता घालवणारे औषध मात्र नाही. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहावे.

डॉक्टरांच्या खोलीत दहा मिनिटांत मूल रडते किंवा अगदी शहाण्यासारखे बसते. त्यामुळे जाण्याआधी घरी खेळताना, जेवताना आणि हाक मारल्यावर मूल काय करते, याचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढून न्यावेत. ते बोट कधी दाखवते आणि कोणाकडे वळून पाहते, हे त्यात दिसेल असे पाहावे.