पडद्यावरचे दुष्ट निळूभाऊ

निळू फुले पडद्यावर आले की आमच्या घरातल्या बायका पदर सावरून बसत! १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’तील झेलेअण्णा काय, १९७५ च्या ‘सामना’तील हिंदुराव धोंडे पाटील काय, आरडाओरडा नाही, खालच्या पट्टीतला आवाज अन् तिरकी नजर, एवढ्यावर काम भागे. आणि माणूस? पुण्यात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलात घडलेला, लोकनाट्यातून पुढे आलेला! १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये तेच पत्रकार दिगू टिपणीस झाले. सत्तेचा खेळ पाहून भ्रमिष्ट झालेल्या दिगूचे हसणे ऐकताना मला वाटले, अन्यायाची खरी चीड असणाराच अन्यायी माणूस इतका हुबेहूब रंगवू शकतो. २००९ साली ते गेले. प्रेक्षकांच्या शिव्या हीच त्यांची मोठी बिदागी!